धरणारे आणि सोडणारे स्फटिक

प्रस्तावना

जालना जिल्ह्यात विहीर खोदायला घेतली की मुरूम सरल्यावर कुठे काळा पाषाण लागतो, कुठे मांजऱ्या. काळ्या पाषाणाला सुरुंगाशिवाय इलाज नसतो. मांजऱ्या त्यामानाने मऊ, आणि त्याच्या अंगभर पांढुरके, गुलाबी, कधी हिरवट ठिपके. हे ठिपके म्हणजे एकेकाळचे बुडबुडे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्यातला वायू बाहेर पडता पडता अडकला आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांतून क्षारयुक्त गरम पाणी झिरपत राहिलं आणि तिथे स्फटिक वाढले. आपल्याकडे हे सगळं सरसकट गारगोटी म्हणून बांधावर टाकून देतात. त्यातली काही खरोखरच गारगोटी असते, म्हणजे क्वार्ट्झ. पण बरीचशी निराळी असते: स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, मेसोलाइट. ही सगळी झिओलाइट कुळातली खनिजं. खनिजसंग्राहकांच्या कपाटांतल्या स्टिलबाइटच्या आणि ह्यूलँडाइटच्या चिठ्ठ्यांवर जालन्याचं नाव वाचायला मिळतं, आणि सिन्नरला तर या दगडांसाठी ‘गारगोटी’ नावाचं संग्रहालयच उभं आहे.

हे पुस्तक त्या दगडांच्या देखणेपणाबद्दल नाही, त्यांच्या आतल्या रिकाम्या जागेबद्दल आहे. ही रिकामी जागा इतकी शिस्तीची असते की तिच्या जोरावर आज दवाखान्यात हवेतून ऑक्सिजन काढला जातो, साखर कारखान्यातल्या अल्कोहोलमधलं शेवटचं पाणी काढलं जातं आणि बियाणं उष्णता न देता वाळवलं जातं. पोलाद, बियाणं आणि ऊस या तिन्हींवर पोट असलेल्या जिल्ह्यातल्या माणसाला हा विषय परका वाटायचं कारण नाही. पण तो मराठीतून नीट सांगितला गेलेला नाही. जिथे सांगितला जातो तिथे ‘रेणूंची चाळणी’ एवढं म्हणून सोडून देतात, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते.

स्टिलबाइटचा एक तुकडा हातात घेतला तर तो मधे अरुंद आणि दोन्ही टोकांना पसरलेला दिसतो. रंग पांढरा किंवा फिकट शेंदरी, आणि फुटलेल्या बाजूवर मोत्यासारखी झाक. हा दगड कोरडा ठणठणीत वाटतो, पण त्याच्या वजनाचा सहावा हिस्सा, किंबहुना थोडा जास्तच, पाणी असतं. स्वीडनच्या आक्सेल क्रोनस्टेट या खनिजशास्त्रज्ञाने 1756 साली असा दगड फुंकणीच्या ज्योतीवर धरला, तेव्हा तो फुगला आणि त्यातून वाफ निघाली. दगडातून पाणी निघणं हे नवल खरं. पण त्याहून मोठं नवल 1840 साली फ्रान्सच्या दामूरने दाखवलं. बेताने तापवून पाणी काढलेल्या झिओलाइटचा स्फटिक मोडत नाही, आणि तो ओलसर हवेत ठेवला की तेवढंच पाणी परत घेतो. म्हणजे ते पाणी दगडाच्या बांधणीचा भाग नव्हतं. ते राहायला आलेलं होतं, आणि त्याची जागा ते नसतानाही तशीच शाबूत होती.

ही जागा कशी असते ते समजून घ्यायला फार रसायनशास्त्र लागत नाही. सिलिकॉनच्या एका अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू, अशा चौकड्या एकमेकींना कोपऱ्यांवर जोडत गेलं की वाळूपासून गारगोटीपर्यंत सगळं बनतं. झिओलाइटमध्ये या चौकड्या दाटीने न बसता कमानी, खोल्या आणि बोळ करून बसतात. प्रत्येक खोलीचं दार सारख्या मापाचं असतं. सारखं म्हणजे अगदी सारखं, कारण ते दार अणूंचंच बनलेलं आहे. हे माप आंगस्ट्रॉममध्ये मोजतात. एका मिलिमीटरमध्ये एक कोटी आंगस्ट्रॉम बसतात, आणि झिओलाइटची दारं 3 ते 7-8 आंगस्ट्रॉम रुंद असतात. पाण्याचा रेणू 2.65 आंगस्ट्रॉमचा, नायट्रोजनचा 3.64, इथेनॉलचा साडेचारच्या आसपास. स्फटिकाचं दार आणि रेणूचं अंग एकाच मापात आले, म्हणून हा सगळा विषय उभा राहिला.

1925 साली जर्मनीत वायगेल आणि श्टाइनहोफ यांनी चाबाझाइट नावाच्या झिओलाइटवर निरनिराळ्या द्रवांची वाफ सोडून पाहिली. पाणी, मिथेनॉल, इथेनॉल आत गेले. ॲसिटोन, ईथर आणि बेंझीन बाहेरच राहिले. इतका साधा प्रयोग आणि इतकं लख्ख उत्तर. 1932 साली मॅकबेनने या गुणाला ‘मॉलिक्युलर सिव्ह’ हे नाव दिलं आणि ते कारखान्यात कायमचं रुळलं. इंग्लंडमध्ये रिचर्ड बॅरर यांनी पुढची कित्येक वर्षं हे स्फटिक प्रयोगशाळेत तयार करण्यात घातली. अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागात रॉबर्ट मिल्टन यांनी 1949 साली निसर्गात न सापडणारा ‘ए’ जातीचा झिओलाइट बनवला, आणि 1954 पासून असे झिओलाइट बाजारात आले. लिंडेचा मूळ धंदा हवेतले वायू वेगळे करण्याचा होता. तो स्वस्तात कसा करता येईल, या प्रश्नातूनच हा स्फटिक निघाला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

वेगळं करणं हे महाग काम आहे. मिसळायला काही लागत नाही, मिसळण आपोआप होते. वेगळं करायला ऊर्जा मोजावी लागते. डेव्हिड शॉल आणि रायन लाइव्हली या दोन अभियंत्यांनी 2016 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेला हिशेब असा की अमेरिकेच्या एकूण ऊर्जावापरातले 10 ते 15 टक्के निव्वळ रासायनिक मिश्रणं वेगळी करण्यात जातात. त्यातला मोठा वाटा ऊर्ध्वपातनाचा, म्हणजे उकळून वाफ करायची आणि ती पुन्हा थंड करायची. प्रोपिलीन आणि प्रोपेन यांचे उत्कलनबिंदू उणे 47.6 आणि उणे 42.1 अंश आहेत. साडेपाच अंशांच्या या फरकासाठी कित्येक मजले उंचीचे मनोरे उभारून ते रात्रंदिवस चालवावे लागतात. त्याऐवजी एक रेणू धरून ठेवणारा आणि दुसऱ्याला जाऊ देणारा स्फटिक हाती लागला, तर ही सगळी उकळाउकळ वाचते.

आता चाळणीचा मुद्दा. चाळणीत बारीक ते खाली पडतं आणि मोठं वर राहतं. झिओलाइटचं काही काम असं चालतं, इथेनॉलचं तर तसंच चालतं. पण ऑक्सिजनचं तसं चालत नाही, आणि 2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत ज्याच्यासाठी आपण सगळ्यांनी जिवाचं रान केलं तो हाच ऑक्सिजन.

त्या दिवसांत जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतही ऑक्सिजनचा विषय होता, पण उलट बाजूने. इथल्या पोलादाच्या कारखान्यांत भंगार वितळवून सळई बनते, आणि भंगार कापायला ऑक्सिजनची नळकांडी लागतात. 22 एप्रिल 2021 पासून केंद्र सरकारने मोजके उद्योग वगळता बाकीच्यांचा ऑक्सिजन बंद करून तो दवाखान्यांकडे वळवला. राज्याचे त्या वेळचे आरोग्यमंत्री राजेश टोपे हे तेव्हा याच जिल्ह्यातल्या घनसावंगीचे आमदार होते. त्याच आठवड्यात विशाखापट्टणमहून द्रव ऑक्सिजनचे सात टँकर घेऊन देशातली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस नागपूर आणि नाशिकला पोचली. तो ऑक्सिजन हवा उणे 180 अंशांच्या खाली नेऊन, ती द्रवरूप करून, उकळून वेगळा केलेला होता. असा कारखाना तालुक्याच्या दवाखान्यात उभा करता येत नाही. तिथे उभा राहू शकतो तो पीएसए प्लांट, आणि त्याच्या पोटात असतो झिओलाइट.

या प्लांटमध्ये दोन उभ्या टाक्या असतात, झिओलाइटच्या बारीक गोल मण्यांनी भरलेल्या. कॉम्प्रेसर हवा दाबाने पहिल्या टाकीत सोडतो. हवेत 78 टक्के नायट्रोजन, 21 टक्के ऑक्सिजन आणि एक टक्क्याच्या आत आरगॉन. इथे वापरतात त्या ‘13 एक्स’ जातीच्या झिओलाइटचं दार 7 आंगस्ट्रॉमच्या वर असतं. त्यातून तिन्ही वायू खुशाल आत जातात, कोणी अडत नाही. फरक आत गेल्यावर पडतो. झिओलाइटच्या चौकड्यांत काही ठिकाणी सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसलेलं असतं. त्यामुळे सांगाड्यावर ऋण भार येतो आणि तो फेडायला सोडियमचे किंवा लिथियमचे धन भाराचे आयन खोल्यांत राहतात. नायट्रोजनच्या रेणूत विद्युतभार सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. मध्यावर एक आणि टोकांना दुसरा असा फरक असतो. ऑक्सिजनमध्येही तो असतो, पण फारच कमी. म्हणून खोलीतले आयन नायट्रोजनला ओढून धरतात आणि ऑक्सिजन त्यांच्या हातून निसटून पुढे जातो. टाकीच्या दुसऱ्या टोकाला 93 टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन मिळतो. तो 95-96 च्या पुढे जात नाही, कारण आरगॉन ऑक्सिजनसारखाच वागतो आणि त्याच्याबरोबर बाहेर येतो. दवाखान्यासाठी हा 93 टक्क्यांचा ऑक्सिजन चालतो.

थोड्या वेळात पहिल्या टाकीतले मणी नायट्रोजनने भरून जातात. मग झडपा फिरतात, हवा दुसऱ्या टाकीकडे वळते आणि पहिलीचा दाब एकदम उतरवला जातो. दाब गेला की धरलेला नायट्रोजन सुटतो. घरगुती कॉन्सन्ट्रेटर ज्यांनी उशाशी ऐकला आहे त्यांना दर काही सेकंदांनी येणारा तो ‘फुस्स’ आवाज आठवत असेल. तो आवाज म्हणजे मण्यांनी नायट्रोजन सोडून दिल्याचा आवाज. अमेरिकेतल्या एसो कंपनीच्या चार्ल्स स्कारस्ट्रॉम यांना या दोन टाक्यांच्या आलटूनपालटून चालणाऱ्या चक्राचं पेटंट 1960 साली मिळालं. मूळ कल्पना आजही तीच आहे.

या पुस्तकातली मध्यवर्ती गोष्ट हीच. रेणू वेगळे करताना कोणाला धरायचं हे ठरवणं निम्मं काम. धरलेलं पुन्हा सोडून देणं हे उरलेलं निम्मं, आणि वीज, पैसा, देखभाल सगळं त्यात जातं. जो पदार्थ घट्ट धरतो पण सोडत नाही, तो एकदाच उपयोगी पडतो. जो ढिला धरतो, तो निवड करू शकत नाही. या दोहोंमधला नेमका बिंदू गाठणं हे या शास्त्राचं कसब आहे.

ते नीट समजलं नाही तर काय होतं, तेही ऑक्सिजन प्लांटवरूनच सांगता येतं. झिओलाइट नायट्रोजनला धरतो त्याच्या कितीतरी पट घट्ट पाण्याला धरतो. नायट्रोजन दाब उतरवल्यावर जातो, पाणी तसं जात नाही. म्हणून हवा मण्यांपर्यंत पोचण्याआधी ती वाळवणारं यंत्र, तेलाचा अंश टिपणाऱ्या गाळण्या आणि टाकीच्या तळाशी ॲल्युमिनाचा थर लागतो. ड्रायर बिघडला आणि प्लांट तसाच चालू राहिला, किंवा प्लांट महिनोन्‌महिने झडपा नीट न मिटता बंद पडून राहिला, तर खालचे मणी हवेतली वाफ पिऊन बसतात आणि ऑक्सिजनची टक्केवारी उतरू लागते. पीएम केअर्स निधीतून देशभर बाराशेहून अधिक पीएसए प्लांट मंजूर झाले. त्यातल्या शेकडो प्लांटसाठी डीआरडीओने ‘तेजस’ विमानातल्या वैमानिकासाठी केलेलं तंत्र वापरलं. एका प्लांटची क्षमता मिनिटाला 1000 लिटर. एवढी यंत्रं उभी राहिली ही मोठीच गोष्ट. पण ती पुढच्या साथीत उपयोगी पडायची असतील तर ती चालवणाऱ्या माणसाला मण्यांचा हा स्वभाव कळला पाहिजे. आयटीआयच्या मुलांसाठी या पुस्तकात एक अख्खं प्रकरण ठेवलं आहे ते यासाठी.

मे 2021 मध्ये एअर इंडियाच्या विमानांनी रोमहून बंगळुरूला झिओलाइट आणला. त्या बातमीनंतर एक प्रश्न वारंवार कानावर आला: आपल्या विहिरींतून झिओलाइट निघतो, मग तो परदेशातून विमानाने का आणावा लागतो? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं सरळ उत्तर दिलं पाहिजे. आपल्या खडकातला स्टिलबाइट आणि ऑक्सिजन प्लांटमधला ‘एक्स’ जातीचा झिओलाइट एका कुळातले असले तरी त्यांची घरं वेगळी आहेत. ‘एक्स’मध्ये खोल्या मोठ्या, दारं रुंद आणि ॲल्युमिनियम भरपूर, म्हणून आयनही भरपूर. स्टिलबाइटमध्ये बोळ अरुंद, ॲल्युमिनियम कमी, आणि सगळं पाणी काढायला जोरात तापवलं तर त्याचा सांगाडाच आकसून ढासळतो. त्यातून खडकातला स्फटिक कधी शुद्ध नसतो, एकाच पोकळीत तीन-चार खनिजं शेजारी वाढलेली असतात. कारखान्यात मात्र सोडियम सिलिकेट, सोडियम ॲल्युमिनेट आणि कॉस्टिक यांचा दाट गोळा शंभर अंशांच्या आसपास काही तास ठेवला की एकाच जातीचे, एकाच मापाचे स्फटिक मिळतात. मग ते चिकणमातीत बांधून त्यांचे मणी करतात. तेव्हा कमतरता दगडाची नव्हती. हे मणी हव्या त्या दर्जाचे, हव्या तेवढ्या प्रमाणात देशात बनवण्याची तयारी कमी पडली. ही तयारी बाहेरून कोणी आणून देणार नाही, आणि ती करण्याइतकं ज्ञान आपल्याकडे नव्हतं असंही नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, 1980 च्या दशकात पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एन्सिलाइट’ नावाचे झिओलाइट विकसित केले. झायलीनची तीन भावंडं आहेत: ऑर्थो, मेटा आणि पॅरा. अणू तेच, फक्त बाजूच्या दोन गटांच्या जागा वेगळ्या. उत्कलनबिंदू 138 ते 144 अंशांच्या दरम्यान दाटीने बसलेले. पॉलिएस्टरसाठी लागतो तो पॅरा. त्याचं अंग सडपातळ, म्हणून झिओलाइटच्या बोळांतून वाट काढायलाही तोच सोपा. एन्सिलाइटवर झायलीनचं रूपांतर घडवण्याची ही पद्धत बडोद्याच्या आयपीसीएलच्या कारखान्यात प्रत्यक्ष चालली. आपल्या देशातल्या प्रयोगशाळेतला स्फटिक आपल्याच कारखान्यात उतरल्याचं हे उदाहरण मराठी शाळांमधून सांगितलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. भावनगरच्या केंद्रीय मीठ आणि सागरी रसायन संशोधन संस्थेतही झिओलाइटवर आणि हवेतले वायू वेगळे करण्यावर मोठं काम झालं आहे.

आता जालन्याच्या जवळच्या विषयाकडे येतो, बियाण्याकडे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यात महिको सुरू केली. 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या मागोमाग इथे बियाण्याचा व्यवसाय वाढला, आणि आज जालना-देऊळगाव राजा पट्ट्यात शेडनेटमध्ये टोमॅटो, मिरची यांचं बीजोत्पादन घेणारी असंख्य कुटुंबं आहेत. परागीकरण हाताने करायचं, फळ पिकल्यावर बी काढायचं, धुवायचं, वाळवायचं, आणि मग कंपनीच्या तपासणीत ते पास होईल की नाही याची वाट बघायची. या सगळ्या मेहनतीचं मोल शेवटी एका आकड्यावर ठरतं: बियांतला ओलावा किती.

जेम्स हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञाने यासाठी एक ठोकताळा दिला आहे. बियांतला ओलावा एक टक्क्याने उतरवला की बियाण्याचं आयुष्य दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान 5 अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट. ओलावा 14 ते 5 टक्क्यांच्या दरम्यान असेल तोवर हा नियम बराच खरा ठरतो. भारतीय प्रमाणकांनुसार टोमॅटोचं बी साध्या पिशवीत भरायचं तर ओलावा 8 टक्क्यांच्या वर नको, आणि हवाबंद पाकिटात भरायचं तर 6 च्या वर नको. एप्रिल-मेच्या उन्हात हे सहज जमतं. श्रावण-भाद्रपदात मात्र हवाच ओली असते. बी हवेशी तोल साधून बसतं, आणि दमट हवेत पंख्याखाली कितीही दिवस पसरलं तरी एका पातळीच्या खाली उतरत नाही. गरम हवा सोडली तर ओलं बी भाजून त्याची उगवणशक्ती जाते.

इथे झिओलाइटचे मणी कामाला येतात. बी आणि मणी एकाच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे, मणी जाळीच्या पिशवीत. मणी डब्यातल्या हवेतली वाफ ओढून घेतात, हवा कोरडी पडते, बी आपलं पाणी त्या हवेला देतं, आणि मणी तेही ओढून घेतात. कुठेही आच नाही. हिशेबही सोपा. सावलीत सुकवून 12 टक्क्यांवर आणलेलं 10 किलो बी 6 टक्क्यांवर न्यायचं आहे. त्यात कोरडा भाग 8.8 किलो. 6 टक्के ओलाव्यावर त्याचं वजन साधारण 9.36 किलो होईल. म्हणजे 640 ग्रॅम पाणी काढायचं. मणी आपल्या वजनाच्या 20 टक्के पाणी धरतात असं धरलं तर सव्वातीन किलो मणी पुरतात. थोडे जास्तच घ्यावेत. सिलिका जेलने हे काम का होत नाही, तर हवा कोरडी होत गेली की सिलिका जेलची ओढ कमी होते. झिओलाइटची ओढ हवा अगदी कोरडी होत आली तरी टिकते, कारण त्याच्या खोल्यांतल्या आयनांना पाण्याचा रेणू फार जवळचा. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाचे केंट ब्रॅडफर्ड आणि ऱ्हायनो रिसर्चचे योहान फान आस्ब्रुक यांनी ही पद्धत दमट हवेच्या देशांत नेण्यासाठी बरंच काम केलं आहे. ते तिला ‘ड्राय चेन’ म्हणतात. दूध-भाजीपाल्याला जशी शीतसाखळी लागते तशी धान्य-बियाण्याला कोरडी साखळी लागते, हा त्यांचा मुद्दा मराठवाड्याला तंतोतंत लागू आहे. शीतगृहाला अखंड वीज लागते. कोरड्या बंद पाकिटाला ती लागत नाही.

आणि इथेही सोडण्याची बाजू आहेच. भरलेले मणी पुन्हा वापरायचे तर 200 अंशांच्या वर भट्टीत दोन-तीन तास तापवावे लागतात. पाण्याला इतकं घट्ट धरण्याची ही किंमत. एकट्या शेतकऱ्याने भट्टी घेणं परवडणार नाही. गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा बचत गटाने एक भट्टी घेऊन मणी फिरते ठेवले तर परवडेल, असं माझं मत आहे.

साखर कारखान्याचं थोडक्यात सांगतो. ऊर्ध्वपातनाने इथेनॉल वजनाने 95.6 टक्क्यांपर्यंत शुद्ध होतं आणि तिथेच थांबतं, कारण त्या प्रमाणात पाणी आणि अल्कोहोल एकत्रच उकळतात. पेट्रोलमध्ये मिसळायला ते 99.5 टक्के लागतं. पूर्वी त्यासाठी बेंझीनसारखी विषारी मदत घ्यावी लागे. आता वाफ ‘3 ए’ झिओलाइटवरून जाते. त्याच्या 3 आंगस्ट्रॉमच्या दारातून पाणी आत शिरतं, इथेनॉल शिरत नाही. इथे मात्र चाळणी हा शब्द शंभर टक्के खरा आहे. दार 3 आंगस्ट्रॉमचं करण्याची युक्तीही सुंदर: ‘ए’ झिओलाइटमध्ये सोडियम असेल तर दार 4 चं, त्या जागी पोटॅशियम घातलं की 3 चं, कॅल्शियम घातलं की 5 चं. सांगाडा तोच, दारातला पाहुणा बदलला. आज आपल्या पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यातल्या इथेनॉलच्या मागे बहुतेक ठिकाणी हे मणी आहेत. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने अशा अल्कोहोल प्रकल्पांत जगभर नाव कमावलं आहे.

झिओलाइटला एक मर्यादा आहे. त्याची घरं सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन या तिघांचीच. शेकडो नकाशे ज्ञात आहेत, पण विटा त्याच. 1989 साली मेलबर्नमध्ये रिचर्ड रॉबसन यांनी धातूचे आयन आणि सेंद्रिय रेणूंच्या दांड्या जोडून मोकळ्या जागेचे स्फटिक बांधून दाखवले. 1997 मध्ये जपानच्या सुसुमु कितागावा यांनी अशा स्फटिकात वायू आत-बाहेर जातो हे सिद्ध केलं. अशा स्फटिकांना एमओएफ म्हणतात. 1999 मध्ये ओमर याघी यांनी त्यातला ‘एमओएफ-5’ केला, जो रिकामा केल्यावरही भक्कम उभा राहिला. तिघांना 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. धातू बदला, दांडी लांब करा, दांडीला एखादा नवा गट जोडा, की खोली बदलते. अशा पदार्थाच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग 7000 चौरस मीटरपर्यंत नेता आला आहे. या कामात पुण्याचे धागे आहेत. राहुल बॅनर्जी यांनी याघींच्या गटात झिओलाइटसारख्या बांधणीच्या एमओएफवर 2008 साली गाजलेलं काम केलं आणि नंतर ते एनसीएलमध्ये आले. 2010 साली अशा स्फटिकाच्या आत कार्बन डायऑक्साइडचा रेणू नेमका कुठे बसतो हे क्ष-किरणांनी दाखवणाऱ्या निबंधाचे पहिले लेखक रामनाथन वैद्यनाथन आज पुण्याच्या आयसरमध्ये आहेत.

नोबेलच्या बातम्यांत वाळवंटातल्या हवेतून पाणी काढण्याचा प्रयोग फार गाजला. मराठवाड्यातल्या वाचकाचे कान त्याने टवकारणं साहजिक आहे, म्हणून सावधपणे सांगतो. कॅलिफोर्नियाच्या मोहावे वाळवंटात झालेल्या चाचण्यांत एक किलो पदार्थामागे दिवसाला लिटरभरही पाणी मिळालं नाही. प्रयोग म्हणून ते थोर आहे, पण टँकरला तो पर्याय नाही, आणि तसं कोणी विकायला आलं तर विश्वास ठेवू नये. खरी आशा दुसरीकडे आहे. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात जॉर्ज शिमिझू यांच्या गटाने केलेला ‘कॅल्फ-20’ हा पदार्थ धुराड्यातल्या वायूतून कार्बन डायऑक्साइड धरतो. त्याचं वैशिष्ट्य असं की तो ओलसर हवेतही काम करतो आणि थोड्या उष्णतेवर कार्बन डायऑक्साइड सोडून देतो. झिओलाइट नेमका इथे कमी पडत होता. पाण्याला घट्ट धरून बसायचा. सोडण्याचा विचार आधी करून बांधलेला स्फटिक कसा असतो, याचं हे उत्तम उदाहरण.

पुस्तक क्रमानेच वाचायला हवं असं नाही. बीजोत्पादक शेतकऱ्यांनी बियाण्याचं प्रकरण आधी वाचावं, दवाखान्यातल्या तंत्रज्ञांनी ऑक्सिजनचं. शाळांसाठी शेवटी एक प्रयोग दिला आहे, तो शिक्षकांनी जरूर करावा. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्यांकडे ‘4 ए’चे मणी मिळतात. वाटीभर कोरडे मणी स्टीलच्या भांड्यात घ्या, त्यात तापमापी खोचा आणि चमच्याने थोडं थोडं पाणी सोडा. मणी चुरचुरतात, बारीक बुडबुडे येतात आणि भांडं चटका बसण्याइतकं तापतं. कुठेही जाळ नसताना ही उष्णता आली कुठून, हे मुलांना विचारावं आणि उत्तर द्यायची घाई करू नये. पाणी धरताना जेवढी उष्णता बाहेर पडली, साधारण तेवढीच ते सोडवताना परत द्यावी लागते, इथपर्यंत ती आपण होऊन येतात. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि हात लावून बघू नये. वापरलेले मणी फेकू नयेत. उन्हात सुकवून, भट्टीत 250 अंशांवर दोन-तीन तास ठेवून, कोमट असतानाच घट्ट झाकणाच्या डब्यात भरले की पुढच्या वर्गाला तेच चालतात.